तीन चौक

मराठीत ‘चौक’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. वाड्याच्या मधोमध आकाशाला उघडी असलेली जागा म्हणजे चौक. चार रस्ते जिथे मिळतात तोही चौक. आणि उत्तर कोकणातल्या वारली घरात लग्नाच्या वेळी भिंतीवर जे चित्र काढले जाते, त्यालाही चौकच म्हणतात. अर्थ तीन असले तरी त्यांच्यात एक सूत्र आहे. चौक कोणा एकट्याचा नसतो. त्यात अनेकांचा वावर असतो आणि त्या वावरामुळेच त्याला चौकपण येते.

नवी मुंबईच्या उड्डाणपुलांखाली, संरक्षक भिंतींवर आणि पादचारी मार्गांवर गेल्या काही वर्षांत चित्रांची मोठी गर्दी झाली आहे. स्थानिक चित्रकारांनी पुढाकार घ्यावा, विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनी हातभार लावावा आणि सर्वांची मिळून एक कलाकृती व्हावी, ही कल्पना आता रूढ होत चालली आहे. तिचे स्वागतही होते. आमचाही तिला विरोध नाही. मात्र या कल्पनेकडे नवी म्हणून पाहण्याची जी सवय लागली आहे, ती आम्हांला चुकीची वाटते. सामूहिक कलेचा इतिहास या भूमीला नवा नाही. तो तपासला तर एक अवघड प्रश्न पुढे येतो. अनेकांच्या हातांनी झालेले चित्र अखेर कोणाचे? ते बदलण्याचा, पुसण्याचा, पुन्हा काढण्याचा अधिकार कोणाकडे असतो? वर सांगितलेल्या तीन चौकांच्या आधाराने या प्रश्नाचा माग घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला चौक लग्नाचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर डहाणू-तलासरीचे वारली पाडे आणि बेलापूर-वाशीची आगरी-कोळी गावे एकाच ठाणे जिल्ह्यात होती. त्यामुळे वारली चौकाची आठवण ही नवी मुंबईच्या दृष्टीने परक्या मुलखातली आठवण नव्हे. लग्नघरातली भिंत शेणामातीने वा गेरूने सारवायची, तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चेचून कुंचला करायचा आणि सवाशिणींनी मिळून चौक काढायचा, अशी ही रीत. चौकटीच्या आत पालघट ही सर्जनाची देवी, भोवती झाडे, प्राणी, नाचणारी आणि कामात गुंतलेली माणसे. चौक काढला जात असताना गाणी चालू असतात आणि लग्नाचे विधी लावणारी धवलेरी ती गाते. चित्र, गाणे आणि विधी हे इथे एकाच प्रसंगाचे तीन धागे आहेत, आणि एक धागा ओढून वेगळा काढला तर उरलेले दोन सैल पडतात.

या चित्राखाली सही नसते. पण सही नाही म्हणून ते निनावी आहे, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. कोणी काढले हे पाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कोणाच्या हाताला रेष आहे, कोणाला पालघट नीट जमते, याची चर्चाही होत असणार. नाव लिहिण्याची गरज पडत नाही, कारण काढणारे आणि पाहणारे एकमेकांना ओळखतात. चित्राचे आयुष्यही प्रसंगापुरतेच असते. लग्न होते, भिंत काळवंडते, पुन्हा सारवली जाते, आणि पुढच्या लग्नाला दुसऱ्या सवाशिणी नवा चौक काढतात. टिकते ती काढण्याची रीत आणि काढण्याचा हक्क. एखादा विशिष्ट चौक टिकावा, अशी अपेक्षाच नसते.

साहित्याच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबायला हवे. ‘धवलेरी’ हा शब्द त्याला दूरचा वाटू नये. आगरी समाजातही लग्नाची गाणी म्हणणारी स्त्री असते. तिला धवलारीण म्हणतात आणि तिच्या गाण्यांना धवले. तेराव्या शतकात महदंबेने रचलेले ‘धवळे’ तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासाच्या पहिल्याच प्रकरणात येतात. ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळाच्या निमित्ताने तिने रुक्मिणीस्वयंवराची ही गीते रचली आणि मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव आपण पाठ केले. ते योग्यच आहे. पण लग्नात धवळे गाण्याची परंपरा महदंबेच्या आधीही असली पाहिजे, एरवी तिला तो साचा सापडला कुठे? महानुभावांनी आपल्या मंडळींची वचने आणि आठवणी जिवापाड जपल्या म्हणून तिचे नाव उरले. बाकीच्या धवलारिणींची नावे त्यांच्या त्यांच्या गावांत राहिली. एका पोथीने केलेला हा फरक आहे. सामूहिक कलेच्या इतिहासात नाव उरते ते नेहमी गुणानेच उरते असे नाही. नोंद करणारा कोण होता, यावरही ते ठरते.

वारली चित्रकलेच्या बाबतीत हीच गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी १९६६-६७ च्या दुष्काळाच्या काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने बिहारमध्ये जाऊन मिथिलेतल्या स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला प्रवृत्त केले होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते डहाणूच्या परिसरात आले आणि तिथेही कागद आला. भिंतीवरचा चौक हा सवाशिणींचा हक्क होता. कागदावर मात्र सर्वांत मोठे नाव झाले ते गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांचे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे गेली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची प्रतिभा असामान्य होती. विधीच्या चौकटीतून रेषेला सोडवून त्यांनी तिला गोष्ट सांगायला लावले, हे त्यांचे कर्तृत्व कोणी नाकारू नये. मात्र त्याच वेळी दोन बदल घडले, तेही नोंदवले पाहिजेत. भिंत सोडून चित्र कागदावर गेले तेव्हा ते प्रसंगापासून सुटले आणि विकता येऊ लागले. आणि स्त्रियांच्या समूहाकडून ते नाव असलेल्या, बहुधा पुरुष असलेल्या, कलावंताकडे गेले. पैसा आला, मान आला, पाड्यातल्या तरुणांना उपजीविका मिळाली. हा लाभ मोलाचा आहे. त्याची किंमत काय पडली, एवढेच आम्ही विचारतो.

आता दुसरा चौक. त्यासाठी ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेला, बेलापूरला यायला हवे.

नव्या मुंबईची कल्पना लोकांपुढे मांडली गेली ती एका कलाविषयक नियतकालिकातून, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची सूचना केली आणि कादंबरीकार मुल्कराज आनंद यांच्या संपादनाखालील ‘मार्ग’ने १९६५ साली तिला जागा दिली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी निश्चित झाली. कागदावर हे एक सुंदर रेखाटन होते. पण ज्या भूमीवर ते उतरायचे होते, ती कोरी नव्हती. तिथे भातशेती होती, मिठागरे होती, खाडीतली मासेमारी होती, देवळे आणि जत्रा होत्या, आणि लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारिणी होत्या. या गावांना चित्रात कोणते स्थान आहे, हे विचारायला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. जासईला त्यांचे स्मारक आहे. संपादित भूमीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्यानंतर आली.

याच काळात, १९८३ ते १९८६ या वर्षांत, पारसिकच्या डोंगरापायथ्याशी कोरियांनी बेलापूरची ती प्रसिद्ध वसाहत उभी केली. तिला लोक आजही ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात. कलावंतांची वस्ती व्हावी हा हेतू त्या नावात आहे. परंतु आमच्या मते त्या वसाहतीतली खरी कलाविषयक कल्पना नावात नसून मांडणीत आहे. सात घरांनी मिळून साधारण आठ मीटर लांब-रुंद असा एक चौक करायचा. असे तीन समूह एकत्र आले की त्यांच्यामध्ये त्याहून मोठा चौक, आणि त्या समूहांचे समूह झाले की आणखी मोठा. घरांचे भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांच्या आतले, म्हणजे उत्पन्नात पाचपट अंतर असले तरी भूमीत फारसे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका घराची भिंत दुसऱ्याला चिकटलेली नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे, गावातल्या गवंड्याला हाताशी धरून, घर वाढवावे यासाठी ती मोकळीक होती. वास्तुरचनाकाराने चित्र मुद्दाम अपुरे सोडले आणि ते पुरे करण्याचे काम राहणाऱ्यांवर टाकले.

राहणाऱ्यांनी ते पुरे केले, पण रचनाकाराच्या मनातले चित्र मात्र राहिले नाही. मूळची उतरत्या छपरांची बैठी घरे अनेकांनी पाडली आणि त्यांच्या जागी सिमेंटचे सपाट छताचे मजले चढवले. चौकांत गाड्या उभ्या राहिल्या, कुठे कुंपणे आली. वास्तुकलेचे विद्यार्थी हातात जुनी छायाचित्रे घेऊन इथे येतात आणि बहुधा हळहळत परततात. त्यांची हळहळ आम्हांला समजते. समतेचे जे गणित भूखंडांच्या मापात होते, ते मजल्यांच्या उंचीत मोडले, ही तक्रार तर बिनतोड आहे. तरीही आम्ही या वसाहतीला फसलेला प्रयोग म्हणायला तयार नाही. वाढण्याचा अधिकार द्यायचा आणि वाढ मात्र आपल्या आवडीची व्हावी अशी अपेक्षा ठेवायची, हे एकत्र चालत नाही. चौकात आजही मुले खेळतात, सण होतात, शेजारी समोरासमोर येतात. दारापुढची रांगोळी असो की तुळशीची कुंडी, ती कोणी आराखड्यात काढून दिलेली नाही. छप्पर गेले, चौक राहिला. वारली भिंतीवरही दरवर्षीचे चित्र जाते आणि काढण्याचा हक्क राहतो. त्या अर्थाने बेलापूरचा चौक लग्नाच्या चौकाचा नातलग ठरतो.

तिसरा चौक रस्त्यावरचा. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. २०१६ पासून देशात स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाले आणि शहरांमध्ये चढाओढ लागली. नवी मुंबई या चढाओढीत सातत्याने वरच्या क्रमांकांत राहिली. २०२० साली तिचा देशात तिसरा क्रमांक आला. या यशाचे श्रेय रोज पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या सफाई कामगारांचे आहे, हे आधी सांगितले पाहिजे. शहराच्या सुशोभनाचा भाग म्हणून भिंती रंगवण्याची मोहीम निघाली. चित्रकार आणि कलामहाविद्यालयांतले विद्यार्थी आले. रोहित पक्षी, खाडी, होड्या, पारंपरिक वेशातल्या कोळणी, वारली वळणाच्या नाचणाऱ्या आकृती असे विषय भिंतींवर उमटले. काही ठिकाणी मराठी कवींच्या ओळीही लिहिल्या गेल्या. बसची वाट पाहणाऱ्या माणसाला कवितेची ओळ वाचायला मिळावी, याचा आनंद आमच्यासारख्यांना न झाला तरच नवल.

तरीही या चित्रांपुढे उभे राहिले की एक विसंगती टोचते. भिंतीवरची कोळीण शेजारच्याच गावातली आहे. तिचा कोळीवाडा, त्यातली जुनी घरे आणि जाळी वाळवण्याची जागा यांच्या हद्दी निश्चित व्हाव्यात म्हणून तिच्या गावाने वर्षानुवर्षे अर्ज केले आहेत. चित्र काढताना मात्र तिला कोणी काही विचारल्याचे सहसा दिसत नाही. रोहित पक्षी भिंतीवर सुरक्षित आहे, पण २०२४ च्या एप्रिलमध्ये नेरूळच्या पाणथळ जागेच्या परिसरात रोहित पक्षी मेलेले आढळले आणि तलावात येणारे भरतीचे पाणी अडवले गेल्याबद्दल पर्यावरणप्रेमींना आवाज उठवावा लागला. वारली आकृती तर आता सिमेंटवर उमटवायचा एक तयार नमुना झाली आहे. पालघटेवाचून, गाण्यावाचून आणि सवाशिणींवाचून ती कुठेही बसते. सर्वेक्षणाचा हंगाम आला की भिंत पुन्हा रंगते. म्हणजे वारली चौकाप्रमाणे हीही पुसली जाणारी आणि पुन्हा काढली जाणारीच कला आहे. फरक एवढाच, की चौक केव्हा काढायचा हे घरातले लग्न ठरवते आणि इथे ते परीक्षकांचे वेळापत्रक ठरवते.

यावर कोणी म्हणेल, की सार्वजनिक भिंतीवर प्रत्येकाला विचारून चित्र काढायचे तर एकही चित्र होणार नाही. शिवाय चांगल्या चित्रकाराला स्वातंत्र्य हवे, समितीच्या सल्ल्याने कला होत नसते. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. जिव्या सोमा म्हसे यांनी विधीची परवानगी मागत बसायचे ठरवले असते, तर आपण एका थोर चित्रकाराला मुकलो असतो. पण आम्ही व्यक्तीच्या प्रतिभेविरुद्ध बोलत नसून ‘सामूहिक’ या विशेषणाच्या प्रामाणिकपणाविषयी बोलत आहोत. एका चित्रकाराने आपल्या दृष्टीने काढलेले भित्तिचित्र हे त्याचे चित्र आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा नाही. त्याला समूहाचे नाव द्यायचे असेल, तर समूहाने फक्त रंग भरून चालत नाही. काय काढायचे आणि काय काढायचे नाही, हे ठरवण्यातही त्याचा वाटा हवा.

असे होऊ शकते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. २०१५ साली धारावीत ‘स्नेहा’ या आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेने ‘गल्ली बिनाले’ भरवले. त्यात कलावंतांनी धारावीतल्या रहिवाशांबरोबर कार्यशाळा घेतल्या आणि आरोग्य, हिंसा, राहणीमान यांविषयी रहिवाशांनी स्वतः घडवलेल्या वस्तू तिथल्याच गल्ल्यांत मांडल्या गेल्या. बघायला आलेल्यांना धारावीत जावे लागले, धारावीला कलादालनात यावे लागले नाही. त्याहून जवळचे उदाहरण ठाण्याचे. चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल आणि कादंबरी कोळी-तांडेल या कलावंत दांपत्याने ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज’ या नावाने कोळी समाजाच्या वस्तू, छायाचित्रे, पाककृती आणि आठवणी जमवण्याचे काम चालवले आहे. हे कलावंत ज्या समाजाविषयी बोलतात त्यातलेच आहेत. त्यांच्या कामात कोळीण चित्राचा विषय होऊन राहत नाही, ती सांगणारी असते. मासा कसा सुकवायचा, कोणत्या भरतीला काय मिळत असे, हे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे त्यांनाच तिथे जाणकाराचा मान आहे. चेंदणी आणि नवी मुंबईचे कोळीवाडे यांच्यामध्ये फक्त एक खाडी आहे.

कलावंत इथे पुढे असतो, पण त्याचे पुढे असणे धवलेरीसारखे असते. धवलेरीला गाणी पाठ असतात, विधीचा क्रम ठाऊक असतो, तिच्यावाचून लग्न अडते. म्हणून लग्न तिचे होत नाही. ते त्या घराचेच असते. नेतृत्व आणि मालकी यांतला हा भेद आपल्या लोकपरंपरेने फार पूर्वी ओळखला होता. आजच्या सामूहिक कलाप्रकल्पांना परदेशी सिद्धान्तांची जेवढी गरज आहे, त्याहून अधिक गरज या साध्या भेदाची आहे, असे आम्हांला वाटते.

२०२१ साली नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी हजारो भूमिपुत्र रस्त्यावर उतरले तेव्हा अनेक शहरवासीयांना नवल वाटले होते. नावासाठी एवढे कशाला, असे विचारले गेले. ज्यांच्या भातखाचरांवर दुसऱ्यांनी रेखाटन केले, त्यांना त्या चित्रावर निदान एक सही आपली हवी होती. ती मागणी राजकीय होतीच, पण तिच्यात कलेच्या अभ्यासकानेही शिकावे असे काही होते. जिथे काढणारे आणि पाहणारे एकमेकांना ओळखतात, तिथे सहीवाचून चालते. ओळख तुटली की सही मागावी लागते.

साहित्याच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. महदंबेचे धवळे वर्गात शिकवताना तास संपण्यापूर्वी विद्यार्थ्यांना जवळच्या गावठाणात पाठवावे. करावे, सारसोळे, दिवाळे, घणसोली ही गावे नकाशात शहराच्या आत दडलेली असली, तरी ती अजून आहेत. तिथे धवले येणारी एखादी आजी भेटली तर तिची गाणी तिच्या परवानगीने आणि तिच्या नावासकट उतरवून घ्यावीत. पुढच्या वेळी भिंत रंगवायची ठरेल, तेव्हा त्या भिंतीवर काय असावे हे तिला आधी विचारता येईल. कदाचित ती सांगेल, भिंत तशीच राहू द्या. तेही ऐकून घ्यावे.